रामटेके मॅडमचा पुरता संशय

रामटेके मॅडम रक्ताची नळी वर्तमानपत्रापुढे धरून वाचायच्या. बोटाएवढ्या काचेच्या नळीत रक्त गोठून खाली बसलं की वर पिवळसर पाणी उरतं. त्याला सिरम म्हणतात. मॅडम नळीच्या मागे पेपरातली ‘वधू पाहिजे’ची बारीक छपाई धरायच्या आणि सिरममधून ती दिसते का ते पाहायच्या. अक्षरं दिसली तर काही बोलायच्या नाहीत. नाही दिसली, तर चष्मा कपाळावर चढवून समोरच्या माणसाकडे चोर सापडल्यासारखं बघायच्या आणि विचारायच्या, “काय खाल्लं?”

“काईच नाई मॅडम. उपाशी आहो.”

“तू उपाशी आहेस, पण तुझं रक्त जेवलेलं आहे. दोघांपैकी खोटं कोण बोलून राह्यलं?”

माणूस डोकं खाजवायचा. मग हळूच निघायचं की बसस्टँडवर दोन आलूबोंडे झाले होते. आमच्या या धानाच्या मुलखात पोटात भात गेला नाही तोवर माणूस स्वतःला उपाशीच समजतो, यात त्याचा खोटेपणा नसतो. पण मॅडमला ते पटत नसे. त्या स्वतः चामोर्शीकडच्या, भातावरच वाढलेल्या, तरी पटत नसे.

माझीही पहिली भेट अशीच झाली. नव्वदीच्या मध्यावर मी लॅबचा कोर्स संपवून भद्रावतीहून एसटीने चंद्रपूरला त्यांच्या पॅथॉलॉजीत नोकरी मागायला गेले. मॅडमनी माझं सर्टिफिकेट उजेडात धरलं, बोट ओलं करून त्याच्या शिक्क्यावर घासलं आणि शाई पसरते का ते पाहिलं. मग माझ्याच दंडाला रबर बांधून माझं रक्त काढलं. थोड्या वेळाने नळी पेपरापुढे धरून म्हणाल्या, “तर्री-पोहे.” मी थक्क झाले. रक्तात पोहेही दिसतात? “खाल्लं, एवढं रक्तानं सांगितलं,” त्या म्हणाल्या, “तर्री तुझ्या ओढणीवर सांडली आहे.” मला नोकरी मिळाली. का मिळाली, याचा मला कितीतरी दिवस संशय होता.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, दिनक्रम होता. लॅबच्या फ्रीजमध्ये दोन थर्मामीटर असत, कारण एकावर विश्वास कसा ठेवायचा? दोघांचा आकडा जुळला नाही की तिसरा आणला जाई, आणि तो नवा म्हणून त्याच्यावर सगळ्यांत जास्त संशय. कोरपन्याचा एक माणूस रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे घेऊन आला, तर मॅडम म्हणाल्या, “काऊन? तुझं रक्त चांगलं, त्यात माझा काय हात?” पेढे घेतले, पण पहिला त्यालाच खायला लावला. कुणी त्यांची स्तुती केली की त्या मागे वळून पाहत, जणू दुसरं कुणी उभं असावं.

एकदा मी कंटाळून विचारलं, “मॅडम, तुम्ही सगळ्यांवरच संशय घेता?” त्यावर त्या जे बोलल्या ते मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं. “संशय घ्यायला हरकत नाई पोरी. पण घ्यायचा तं पुरता घ्या, शेवटपर्यंत तपासा. अर्धवट संशय म्हणजे नुसता आरोप.”

हे वाक्य कुठून आलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मेडिकल कॉलेजात एका विषयात त्या वर्गात पहिल्या आल्या होत्या. धानाच्या बांध्यांवर मजुरी करणाऱ्याची, बौद्ध मोहल्ल्यातली पोरगी पहिली कशी येईल? नक्की कॉपी केली असणार, असं होस्टेलभर झालं. शिक्षकही तसंच बघू लागले. “मी म्हटलं, परत घ्या माझी परीक्षा, आत्ता घ्या, उभ्या उभ्या घ्या. कोणीच घेतली नाई. संशय सगळ्यायनं घेतला, तपासलं कोणीच नाई.” एवढं बोलून त्या नळ्या धुवायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी धुतलेल्या नळ्या परत धुतल्या.

आमच्याच गल्लीच्या तोंडाशी हनीफभाईंची हळद-मिरचीची चक्की होती. चाळिशीच्या आतबाहेरचा, हसतमुख माणूस. केसांत, भुवयांत, कॉलरमध्ये कायम हळद. मॅडम चामोर्शीच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेली हळकुंडं तिथे दळायला नेत आणि दळून होईपर्यंत चक्कीसमोरून हलत नसत. हनीफभाई ओरडून म्हणत, “मॅडम, तुमची हळद तुमच्यासमोर. मी डोळा मारला तरी भेसळ होईन का?” मॅडम म्हणत, “डोळा काऊन मारता?” दोघांचं असं चालायचं. मला वाटतं, अख्ख्या चंद्रपुरात मॅडमना हनीफभाईंवर जरा कमी संशय होता.

हनीफभाईंचे थोरले भाऊ रशीदभाई हीच चक्की चालवत असताना चाळिशीतच छातीत कळ येऊन गेले होते. आता हनीफभाईंना गल्लीचं टोक गाठताना पोटऱ्या दुखून थांबावं लागे. डॉक्टरांनी त्यांना उपाशीपोटी रक्तातली चरबी तपासायला सांगितली. रमजान चालू होता, त्या वर्षी तो ऐन थंडीत आला होता. हनीफभाईंनी विचार केला, रोज तर उपाशी राहतोच आहोत, रोजा सोडायच्या आधी संध्याकाळी रक्त देऊ. तपासणीला रक्त दिल्याने रोजा तुटत नाही हे त्यांनी आधी मौलानांना विचारून घेतलं होतं. सोबत चाचा आले. चाचा म्हणजे त्यांच्या वडिलांचे धाकटे भाऊ, मशिदीच्या कमिटीतले, घरातले कर्ते. त्यांचा शब्द मोहल्ल्यात शेवटचा.

मी रक्त काढलं, ते गोठल्यावर मशीनमध्ये फिरवलं आणि नळी मॅडमच्या हातात दिली. सिरम पातळ ताकासारखं गढूळ होतं. ‘वधू पाहिजे’तलं एक अक्षर दिसेना. मॅडमचा चष्मा कपाळावर गेला.

“काय खाल्लं?”

“रोजा हाय मॅडम,” हनीफभाई हसत म्हणाले. “पहाटे सहरीले खाल्लं, तेव्हापासून पाण्याचा घोट नाई.”

“पहाटेचं खाल्लेलं आतापर्यंत साफ होते. हे दुपारचं आहे.”

हनीफभाईंचं हसू गेलं. “मॅडम, मी रोजेदार हाओ.”

“रक्त तसं म्हणत नाई,” मॅडम म्हणाल्या, आणि नळी ठेवून दिली.

 चाचांनी पुतण्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. बाहेर पडताना हनीफभाई चाचांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होते.

मॅडम नेहमी असली नळी फेकायला लावत. त्या दिवशी म्हणाल्या, “फ्रीजमध्ये ठेव. उद्या भांडायला आला तं दाखवता येईन.”

भांडायला कुणी आलं नाही. पण चार दिवसांत चक्कीवरच्या बायांच्या रांगेत मी ऐकलं की हनीफ चोरून खातो, डॉक्टरीनबाईच्या मशीनमध्ये निघालं म्हणे. चाचांनी बाहेर काही सांगितलं नसावं. पण ते संध्याकाळी इफ्तारला पुतण्याशेजारी बसेनात, आणि मोहल्ल्याला तेवढं पुरलं. हनीफभाई मशिदीत न जाता चक्कीतच एकटे रोजा सोडू लागले. मला म्हणाले, “ताई, पाय दुखते ते दुखू द्या. मी मरन तं मरन, भाई गेला तसा. पण माह्या पोराले कोणी म्हणन का तुह्या बापाचे रोजे झूठे होते, त्याचं काय करू?” मोठा माणूस, डोळ्यात पाणी आणून बोलत होता. मला मॅडमचा राग आला, आणि तो मी लपवलाही नाही.

पण मॅडमचं मला कारण न सांगता वेगळंच चाललं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फ्रीजमधली नळी काढून पाहिली होती. आता त्यांनी ती मला दाखवली आणि त्या काय पाहत होत्या ते समजावलं. त्यांचं समजावणं नेहमी चामोर्शीच्या आठवडी बाजारातून जाई.

“पाह्य. आपण तेल-तूप खातो, त्याचे बारीक बारीक गोळे होऊन रक्तात उतरते. बाजारात भरलेले पोते येते तसे. रस्त्यानं मांस न् अंगातली चरबी त्यातला माल काढून घेते. राहाते रिकामं पोतं, तळाशी थोडं उरलंसुरलं. ते उचलते लिवर. सांजच्याले मैदान साफ. म्हणून उपाशी माणसाचं सिरम साफ दिसते. समजलं?”

“समजलं.”

“आता जेवून आलेल्याची नळी रातभर थंडीत ठेवली तं काय होईन? तेल पाण्यावर तरंगते ना, म्हणून तेलानं भरलेले पोते सायीसारखे वर येईन, न् खालचं पाणी साफ होईन. ह्या नळीत पाह्य.”

वर सायीची अगदी पातळ रेघ होती. आणि खालचं सिरम होतं तसंच गढूळ.

“हे नुकतं खाल्लेलं नाई,” मॅडम म्हणाल्या. “हे रिकामे पोते आहे. उचललेच गेले नाई.”

तोवर त्यांनी सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. चरबी मोजायच्या औषधाची बाटली शिळी असेल म्हणून नवी फोडली. मशीन नीट नसेल म्हणून परत फिरवलं. माझा हात चुकला असेल म्हणून माझं आणि स्वतःचं रक्त तपासलं. आमची दोघींची सिरम स्वच्छ निघाली. “आता संशय घ्यायले मीच उरली,” त्या म्हणाल्या, आणि चप्पल घालून चक्कीकडे निघाल्या. मी मागे.

चक्कीवर रांग होती. मॅडम सरळ आत गेल्या. “हनीफभाऊ, हात दाखवा.”

हनीफभाईंनी त्यांच्याकडे न बघता तळवे पुढे केले. पिवळेधमक.

“धुवा.”

“हळद हाय मॅडम. धंद्याची.”

“धुवा म्हटलं ना.”

त्यांनी नळावर हात धुतले. मॅडमनी साबण दिला, मग कपडे धुवायची पावडर, मग नारळाची शेंडी. रांगेतल्या बाया पुढे सरकून बघू लागल्या. तळवे गुलाबी झाले. पण तळहाताच्या रेघांमधला पिवळा रंग तसाच राहिला, फिकट, आतून आल्यासारखा. मॅडम त्या रेघांवर अंगठा फिरवत राहिल्या. रेघा जराशा फुगीरही होत्या. हळद दळणाऱ्याचे हात पिवळे असणार, यावर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. दरवेळी हळद दळून होईपर्यंत समोर उभ्या राहणाऱ्या मॅडमनीही नाही.

“मले तुमची परत परीक्षा घ्यायची आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. “चाचायसमोर. चालन का?”

हनीफभाईंनी हात पुसून फडकं खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, “लोकायसमोर बेइज्जती झाली मॅडम. परीक्षा पन लोकायसमोरच घ्या.”

रविवारी लॅब बंद असायची, तो दिवस ठरला. पहाटे हनीफभाईंच्या घरून भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मॅडमसाठी डबा पाठवला. हनीफभाईंनी सहरीला जे खाल्लं तेच, तेवढंच आणि त्याच वेळी मॅडमनी खाल्लं. मग त्या स्टूल घेऊन चक्कीत बसल्या, दिवसभर; चाचाही येऊन बसले. हनीफभाई नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, वजूसाठी, गुळणी करायचे, तर मॅडम वाकून पाणी बाहेर पडलं का ते बघायच्या. त्यावर हनीफभाई कितीतरी दिवसांनी हसले. ते नमाजाला निघाले की मॅडम चाचांना म्हणायच्या, “तिथं माही नजर पोचत नाई चाचा, तिथं तुमची.” चाचा कुरकुरत, पण सोबत जात. आणि मला मॅडमनी सांगून ठेवलं होतं, “तू माह्यावर नजर ठेव. मले चहाची सवय आहे, माहा भरोसा नाई.” मी ठेवली. दुपारी समोरच्या टपरीवरून चहाचा वास आला तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा आम्ही लॅबमध्ये आलो. मी दोघांचं रक्त काढलं, चाचांच्या डोळ्यांसमोर. रक्त गोठायला वेळ लागतो. तेवढ्यात अजान झाली. हनीफभाईंनी खिशातून खजूर काढले, एक तोंडात घातला आणि एक मॅडमपुढे धरला. मॅडमनी तो उघडला, आत कीड आहे का ते उजेडात पाहिलं, आणि मग खाल्ला. चाचासुद्धा हसले.

मग मी नळ्या फिरवल्या. मॅडमनी पेपर चाचांच्या हातात दिला. “मी नाई वाचत. तुम्ही वाचा.”

चाचांनी चष्मा पुसला. मॅडमच्या नळीतून त्यांनी वाचलं, “सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे.” मग हनीफभाईंची नळी धरली, पुढे नेली, मागे आणली. “काईच दिसत नाई.”

“दोघायनं एकच खाल्लं, दोघंही सारखेच उपाशी,” मॅडम म्हणाल्या. “माह्या लिवरनं मैदान साफ केलं, त्यायच्या लिवरनं नाई केलं. आळशी नाई ते. पोत्याले धरायले कान लागते ना चाचा, ह्यायच्या पोत्याले जन्मतःच कान नाई. लिवर धरन कुठी? मंग ते पोते रक्तातच फिरते, नसायमध्ये जमते, पायात जमते, काळजात जमते.” मग त्यांनी हनीफभाईंचा धुतलेला तळवा चाचांपुढे उघडला. “इथीही जमते, रेघायमध्ये. ही हळद नाई, चरबी आहे. हा माणूस त्या दिवशीही रोजेदार होता. मी चुकली. अर्धा संशय घेऊन मोकळी झाली.”

चाचा तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो आपल्या हातात घेतला. मला वाटलं ते पुतण्याची माफी मागणार. पण ते भलतंच बोलले.

“रशीदले गुसल मीच देल्लं होतं,” ते म्हणाले. गुसल म्हणजे दफनाआधीची आंघोळ. “हाताची हळद निघाली नाई त्याची. मी घासली, खूप घासली. म्हटलं, धंद्याची हाय, जाऊ दे सोबत.”

 हनीफभाईंनी आपला तळवा चाचांच्या हातातून सोडवून घेतला नाही. मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. मला त्यांचा राग आला होता, तो त्या क्षणी गेला. चाचा मात्र त्या रात्री घरी कसे गेले असतील, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर चाचांनी मशिदीत सगळ्यांसमोर सांगितलं की हनीफचे रोजे खरे आहेत आणि त्याच्यावर शक घेणाऱ्यांत पहिला मी होतो. संध्याकाळी त्यांनी पुतण्याला शेजारी बसवून रोजा सोडला. मॅडमनी हनीफभाईंना नागपूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण आपल्या निदानावरही त्यांचा भरवसा नव्हता. तिथे तेच ठरलं. गोळ्या सुरू झाल्या, तेल-तूप आणि तळलेलं बंद झालं. मॅडम महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचं रक्त तपासत, पेपरापुढे धरत आणि कधी अक्षरं जरा गढूळ दिसली की विचारत, “काय खाल्लं?” हनीफभाई निमूटपणे सांगत, “लग्न होतं मॅडम. बिर्याणी.” या बाबतीत दोघांत पुन्हा कधी वाद झाला नाही.

काही वर्षांनी मॅडमच्याच पोटात गाठ निघाली. त्यांनी रिपोर्टवर विश्वास ठेवला नाही. दुसरीकडे तपासलं, मग तिसरीकडे. मला म्हणाल्या, “तिन्ही जागी सारखंच आलं. आता मानावंच लागते.” शेवटच्या दिवसांत त्या चामोर्शीजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिल्या. मी भेटायला गेले, तर सलाइनच्या बाटलीवरची तारीख मला मोठ्याने वाचायला लावली, आणि मग स्वतः वाचली.

त्या गेल्या तेव्हा आम्ही चंद्रपूरहून जीप करून गेलो. हनीफभाई सोबत होते. आता ते रशीदभाई गेले त्या वयाच्या बरेच पुढे आले होते. शेताच्या कडेला त्रिसरणाची प्रार्थना झाली, मॅडमना खड्ड्यात खाली ठेवलं, आणि लोक एकेक करून मूठमाती द्यायला पुढे होऊ लागले. हनीफभाई रांगेतून बाजूला झाले आणि बांधावरच्या बोअरिंगवर जाऊन हात धुऊ लागले. सकाळी चक्की चालवून आले होते, हात पिवळे होते. खूप वेळ धुतले. मग माझ्यापुढे येऊन ओले तळवे उघडले.

“पाहा ताई.”

मी पाहिलं. रेघा साध्या होत्या, तुमच्या-माझ्या हातावर असतात तशा. मधल्या वर्षांत कधीतरी तो पिवळा रंग उतरून गेला होता, आणि आता हातावर राहत होती ती खरोखरच धुतली जाणारी हळद होती.

तरी मी त्यांचा हात हातात घेतला, अंगठा ओला केला आणि एकेका रेघेवरून घासून बघितला. हनीफभाईंनी हात पुढे धरून ठेवला.

“घासा ताई, नीट घासा,” ते म्हणाले. “मॅडमनं असंच मानलं नसतं.”

मग त्यांनी दोन्ही हातांत माती घेतली आणि ते पुढे गेले.